जाळीवरचा दोरा

येमूल अण्णा कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे पाहत, मग माणसाकडे. दार उघडणारा 'या' म्हणेपर्यंत त्यांची नजर हवेच्या जाळीपर्यंत जाऊन परत आलेली असे. मग ते बूट काढत, मोजे झटकत आणि जाळीखाली उभं राहून उजवा हात वर करत. तळहात नव्हे, मनगटाची आतली बाजू. डोळे मिटलेले. घरातली माणसं या वेळी आपोआप गप्प होत, जणू कुणी नाडी पाहतंय.

"यायलंय," ते म्हणत. किंवा, "नाही यायलं."

एवढंच निदान. मग खिशातून सुताची गुंडाळी निघे, वीतभर दोरा तोडला जाई आणि जाळीच्या एका पट्टीला गाठ मारून सोडला जाई. हवा येत असली की दोरा खोलीच्या बाजूला कलून हलत राही. बंद पडली की सरळ लोंबे. "हा माझा मीटर," ते घरातल्या बाईला सांगत. "सरळ दिसला की फोन करा."

कतारमधल्या अल खोरच्या आमच्या वसाहतीत सहा इमारती आहेत. मी तिथे देखभाल विभागाचा इंजिनिअर, आणि राहायलाही तिथेच, चार नंबरच्या इमारतीत. अण्णा आमच्या कंत्राटदाराकडचे टेक्निशियन होते. उन्हाळ्यात गारव्याच्या यंत्रांमागे वीस माणसं धावत असतात, कारण एसी तासभर बंद पडला तरी सगळी वसाहत फोनवर असते. हिवाळ्यात कुणी फोन करत नाही. आणि हिवाळ्याचा माणूस एकच होता, अण्णा.

कतारमध्ये कसला हिवाळा, असं पुण्याचे नातेवाईक मला अजून विचारतात. डिसेंबर-जानेवारीत समुद्रावरून वारा सुटतो, फरशी पायाला चावते, आणि ही घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी. मग माणसं खिडक्या घट्ट लावून घेतात. आतच फोडण्या, आतच कपडे वाळवणं, आतच आंघोळीची वाफ. बाहेरची ताजी हवा येते ती फक्त गच्चीवरच्या मोठ्या यंत्रांतून. ती हवा थोडी गरम करून आत ढकलायची, फार ढकलली तर लोक कुडकुडतात, कमी ढकलली तर भिंतींना बुरशी धरते आणि माणसांची डोकी जड होतात. हे किती ढकलायचं ते हवेच्या झडपेवर ठरतं. त्या झडपेला आम्ही डॅम्पर म्हणतो. अण्णा सकाळी सहाही गच्च्यांवर जाऊन डॅम्पर उघडत आणि संध्याकाळी अर्धे मिटत. मधल्या वेळात घरोघर फिरून दोरे पाहत.

हे दोऱ्याचं वेड सोलापूरचं. तिथल्या एका सूतगिरणीत हवेत ओलावा राखणाऱ्या प्लँटवर त्यांनी तरुणपणाची वर्षं काढली होती. गिरणी बंद पडली तेव्हा ते आखातात आले. घरी तेलुगू बोलत, आमच्याशी सोलापुरी मराठी, कामगारांशी हिंदी. "गिरणीत हवा बिघडली की आधी सूत तुटतं," ते सांगत. "सूत तुटलं की सगळे ओरडतात. इथं कुणी ओरडत नाही, साहेब. डोकं दुखायलंय म्हणून गोळी खातात आणि झोपतात."

दर सुट्टीहून येताना ते सुताचा एक कोन, म्हणजे शंकूसारखं मोठं रीळ, बॅगेत घालून आणत. एकदा तो संपला म्हणून मी त्यांना दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातून दोऱ्याचं रीळ आणून दिलं. त्यांनी तुकडा तोडून जाळीवर बांधला, थोडा वेळ पाहिला आणि सोडून खिशात ठेवला. "पॉलिएस्टर हाय. आळशी असतंय ते. जोरात वारा असल्याशिवाय उठत नाही." मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "बटणं लावायला होईल की."

दोन नंबरच्या इमारतीत गोखले वहिनी राहत. रास लफानच्या गॅस प्रकल्पात कामाला जाणाऱ्या गोखल्यांच्या पत्नी, मूळच्या सदाशिव पेठेतल्या. त्यांच्या देवघरावरच नेमकी जाळी होती. हिवाळ्यात समई टिकेना म्हणून त्यांनी जाळीत टॉवेल कोंबला. मजल्यावरच्या बाकी दोन घरांचे दोरे जोरात उडायला लागले, त्यावरून अण्णांनी तिसऱ्या घरात काहीतरी कोंबलंय हे ओळखलं. मी त्या दिवशी योगायोगाने बरोबर होतो.

अण्णांनी स्टुलावर चढून टॉवेल बाहेर ओढला, झटकला आणि काठ पाहिला. "आमच्या गावचा हाय की."

"म्हणून तरी राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, टॉवेल अंग पुसायला. हवा पुसायला नाही."

"आणि दिवा विझतो त्याचं काय?"

"दिवा विझायलाय म्हणजे हवा यायलीय. विझायचा थांबला तर मला बोलवा."

"वा, म्हणजे तुमची हवा यावी म्हणून देवांनी अंधारात बसायचं? अहो येमूल, तुम्ही देवळात गेलात तर तिथेसुद्धा दोराच बांधाल."

"बांधलाय एकदा," अण्णा गंभीरपणे म्हणाले. वहिनींना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी अण्णा खजुराचा रिकामा डबा कापून, ठोकून, त्याची एक वळवलेली पट्टी घेऊन आले. ती जाळीखाली बसवली. हवा आता भिंतीच्या अंगाने वळून खोलीत जाऊ लागली. वहिनींनी समई लावली. ज्योत किंचित कलली आणि तशीच राहिली. अण्णा फरशीवर मांडी घालून तिच्याकडे बराच वेळ पाहत बसले. मला वाटलं नमस्कार करतील. "दोऱ्यापेक्षा हे झकास हाय, साहेब," ते म्हणाले. "पण घरोघर देव कुठं बसवत हिंडायचं?"

माझी मुलगी सई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. तिला हिवाळाभर खोकला असे. अण्णांनी तिच्या खोलीतलं कपाट हलवून मागची भिंत दाखवली, ती काळी पडली होती. जाळीतली हवा कपाटाच्या माथ्यावर आपटून परत फिरत होती. त्यांनी कपाट दुसऱ्या भिंतीला लावलं, भिंत पुसून घेतली आणि दोरा बांधला. खोकला त्या वर्षी कमी झाला. सई त्यांना थ्रेड अंकल म्हणे. ते मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांचं व्यवस्थित चाले.

आता एका सकाळबद्दल लिहितो. गच्चीवरच्या यंत्रांत हवा गरम करणारे हीटर वर्षातून तीन महिनेच चालतात. बाकीचे महिने त्यांच्यावर धूळ बसते. पहिल्यांदा चालू केले की ती धूळ जळते आणि घरभर जळका वास सुटतो. म्हणून अण्णा आधी हीटर ब्रशने साफ करत आणि आदल्या दिवशी प्रत्येक दार ठोठावून सांगत, "कल सुबह जलने का बास आएगा, घबराना नहीं, खिडकी खोलना." सहा इमारती, प्रत्येक दार. त्यात त्यांचा पूर्ण दिवस जाई. एका वर्षी मी म्हणालो, "अण्णा, हे बंद करा. मी सगळ्यांना ईमेल पाठवतो."

"लोक वाचतात का, साहेब?"

"वाचतील."

कुणी वाचला नाही. सकाळी सातला पाच नंबरच्या इमारतीत कुणीतरी धुराची घंटा दाबली आणि सगळी कुटुंबं स्वेटर-पायजम्यात पोरं कडेवर घेऊन पार्किंगमध्ये उभी राहिली. सुरक्षा अधिकारी आला, ओरडला, कुणी चालू केलं विचारू लागला. अण्णा पुढे झाले. हिंदीत म्हणाले, साहेबांनी कळवलं होतं, मीच वेळेआधी चालू केलं. ते वेळेआधी नव्हतं. मी तिथेच उभा होतो, अंगावर शाल होती, आणि मी काही बोललो नाही. नंतर मी त्यांना 'सॉरी' म्हणालो तेव्हा त्यांनी विषय बदलला. "पाच नंबरचे हीटर मात्र छान तापलेत."

गप्प राहण्याची ती माझी पहिली वेळ. दुसरी सांगण्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

वसाहतीत नवी यंत्रणा बसली. प्रत्येक डॅम्परला छोटी मोटर लावली, आणि कंट्रोल रूममधल्या पडद्यावरून ती फिरवायची सोय झाली. पडद्यावर सहा इमारती, प्रत्येकीत हिरवे ठिपके. मी अण्णांना मोठ्या उत्साहाने दाखवलं. त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात टेकून पाहिलं.

"हिरवं म्हणजे काय?"

"यंत्र चालू आहे. डॅम्पर किती उघडलाय तेही दिसतं."

"मशीन चालू हाय ते कळलं. हवा चालू हाय का?"

"तेच की, अण्णा."

"तेच कसं? मोटरला सांगितलंय उघड म्हणून, हे दिसायलंय. उघडलं का, हे कुठं दिसायलंय?"

मी हसलो. खरं तर मला राग आला होता, कारण यंत्रणा माझ्या शिफारशीने आली होती.

आमचे विभागप्रमुख जॉर्डनचे, मितभाषी आणि घड्याळाकडे पाहणारे गृहस्थ होते. यंत्रणा आली, मग हिवाळी फेऱ्यांसाठी वेगळा माणूस कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चार आठवडे ट्रायल घेऊ. फेऱ्या बंद, फक्त पडदा. तक्रारी किती येतात ते पाहू. त्यांना ते आवडलं. माझाही करार त्याच वर्षी संपत होता, सई नववीत होती, आणि काहीतरी स्वच्छ, आलेखासारखं दाखवायला मला हवं होतं.

अण्णांना हे कळल्यावर ते माझ्या ऑफिसात आले आणि खुर्चीवर बसले. एरवी ते कधी बसत नसत. म्हणाले, धाकटी मुलगी सोलापुरात नर्सिंगला आहे. अजून तीन वर्षं आहेत. "मला तीन हिवाळे द्या, साहेब. मग मी आपण होऊन जातो, तुम्हाला सांगायला लागणार नाही."

"बघू या, अण्णा. ट्रायल तर होऊ दे."

"हो की," ते म्हणाले आणि उठले.

ट्रायल जानेवारीत सुरू झाली. ती नीट व्हावी म्हणून मी दोन माणसांना शिडी देऊन सगळ्या जाळ्यांवरचे दोरे काढायला लावले आणि फाईलमध्ये तशी नोंद केली. अण्णांना मी दिवसभर प्लँट रूममध्ये पाठवलं. हिवाळ्यात तिथे गारव्याची मोठी यंत्रं उघडून साफ करतात. संध्याकाळी चारला त्यांची ड्यूटी संपे.

पहिला आठवडा, तक्रार शून्य. दुसरा, शून्य. विभागप्रमुखांनी पडद्यासमोर उभं राहून "मुम्ताझ", म्हणजे उत्तम, म्हटलं. मला वाटलं, आपण बरोबर होतो.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून घरी आलो. लिफ्टमधून बाहेर पडून दारापाशी किल्ली काढली आणि वर पाहिलं. आमच्या दाराबाहेरच्या पॅसेजमधल्या जाळीला दोरा होता. पांढरा, कोरा, वीतभर. तो कलून हलत होता.

हे दोरे मी काढून घेतले होते, म्हणजे हा नवा होता. म्हणजे अण्णा ड्यूटी संपल्यावर फिरत होते. आणि अण्णा नुसते दोरे बांधत फिरणारे नव्हते, म्हणजे ते गच्च्यांवरही जात होते. म्हणजे तक्रारींचं ते शून्य पडद्याचं नव्हतं, अण्णांचं होतं. हे सगळं मला तिथेच, किल्ली हातात असताना कळलं. गच्चीवर जायला दोनच जिने चढायचे होते. मी गेलो नाही.

सईने आतून दार उघडलं. "बाबा, व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?"

"काही नाही."

तिनेही वर पाहिलं. "थ्रेड अंकल केम?"

"नाही," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मी अहवाल लिहिला. 'मानवी हस्तक्षेपाशिवाय चार आठवडे यंत्रणा समाधानकारक चालली' हे वाक्य माझं आहे. मी ते दोनदा वाचलं, एक शब्द बदलला आणि पाठवून दिलं. विभागप्रमुख "खलास", म्हणजे झालं काम, म्हणाले. माझा करार वाढला. कंत्राटदाराने अण्णांची जागा रद्द केली आणि मार्चअखेर परत पाठवायचं ठरवलं.

मी स्वतःला समजावलं की त्यांनी ट्रायलचा नियम मोडला. त्यांच्या हिताचं एवढंच होतं की चार आठवडे खोलीत बसायचं, भिंती ओलसर होऊ द्यायच्या, लोकांना फोन करू द्यायचे. शंभर तक्रारी आल्या असत्या आणि त्यांचे तीन हिवाळे पक्के झाले असते. हे त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मी कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडून नंतर ऐकलं, कुणीतरी त्यांना तसं सुचवलंही होतं. "गप बस की अण्णा, चार आठवडे." तर ते म्हणाले, "साहेबांनी फेरी बंद करा सांगितलं. हवा बंद करा कुठं सांगितलं? सहा नंबरला तान्हं बाळ हाय."

ते गेल्यानंतरच्या डिसेंबरात तक्रारी आल्या. आधी एक नंबरमधून, मग सगळीकडून. खोल्या कोंदट, आरशांवर पाणी, पोरांना खोकला. पडद्यावर सगळे ठिपके हिरवे. मी गच्चीवर गेलो. सहापैकी चार डॅम्परच्या मोटरी खारट हवेने आणि धुळीने कधीच्या अडकल्या होत्या, आणि ज्या फिरत होत्या त्या झडपेला न हलवता नुसत्या फिरत होत्या. प्रत्येक डॅम्परपाशी, झडप हवी तेवढी उघडी धरायला, तारेने बांधलेली लाकडाची एक पाचर लोंबत होती. पाचरीवर पेन्सिलीच्या दोन रेघा. वरच्या रेघेपाशी 'सकाळ' लिहिलं होतं, खालच्या रेघेपाशी 'संध्याकाळ'. एक नंबरपासून सहा नंबरपर्यंत प्रत्येकीच्या रेघा वेगळ्या होत्या. त्या हिवाळ्यात मी स्वतः त्या रेघांप्रमाणे पाचरी लावल्या. तक्रारी थांबल्या. मोटरी बदलायला लावल्या तेव्हा कारण म्हणून 'गंज' लिहिलं. तेही खोटं नव्हतं.

सोलापूरला मी एकदा फोन केला. मुलीने घेतला. वडील बाहेर गेलेत म्हणाली. ती शिकतेय का, हे विचारायचं मनात होतं. मी कोण ते सांगून फोन ठेवला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते वसाहतीच्या फाटकापाशी, ट्रायलनंतरच्या मार्चमधल्या एका दुपारी. विमानतळाकडे जाणारी कंपनीची बस उभी होती. बरोबर सुट्टीवर निघालेले सात-आठ कामगार होते. गोखले वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. "येमूल, वाटेत खा, विमानातलं काही खरं नसतं," म्हणाल्या आणि डोळे पुसत लगेच निघून गेल्या. मी थांबलो. मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते मी सकाळपासून घोळवत होतो.

"अण्णा, तो दोरा मी पाहिला होता. ट्रायल चालू असताना."

ते वाकून बॅगेची चेन ओढत होते. चेन सुताच्या एका धाग्यात अडकली होती. "कुठला दोरा?"

"माझ्या दाराबाहेरचा."

त्यांनी धागा सोडवला, चेन शेवटपर्यंत लावली आणि सरळ उभे राहिले.

"दिसायलाच बांधला होता की, साहेब."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काही तरी बोलता आलं असतं. माझी अडचण झालेली पाहून त्यांनी नेहमीसारखा विषय बदलला. "सहा नंबरच्या पंख्याचा पट्टा सैल झालाय. आता सांगून ठेवतो, नाहीतर राहून जाईल. उन्हाळ्याआधी बदलून घ्या."

"घेतो."

ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. ते चढले आणि खिडकीपाशी बसले. शेजारी कानटोपी घातलेला एक नेपाळी कामगार आधीच झोपला होता. मला वाटलं ते खिडकीतून पाहतील. त्यांनी आधी वर पाहिलं. डोक्यावरच्या एसीच्या हवेच्या तोंडाशी उजवं मनगट धरलं, डोळे मिटले. मग दोन बोटांनी ते तोंड शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून बाजूला वळवलं आणि हवा अजून येतेय का ते पुन्हा मनगटावर पाहू लागले. बस वळणाआड जाईपर्यंत त्यांचा हात वरच होता.